चुकलेलं काज

वाचन तीनला होतं आणि सव्वातीन झाले तरी बटण्याचा पत्ता नव्हता.

धाकटीने तिसऱ्यांदा खुर्च्या मोजल्या. मोजण्यासारखं काही नव्हतं, सहाच होत्या, पण हातांना चाळा हवा होता. बाबा त्यांच्या नेहमीच्या कोपऱ्यात पटकथेचं बाड मांडीवर घेऊन बसले होते आणि दर दोन मिनिटांनी पहिलं पान उलटून पुन्हा जागेवर आणत होते. आईच्या आत-बाहेर येरझाऱ्या चालल्या होत्या. चहा करायचा होता म्हणून नाही. त्या पानांसमोर तिला बसवत नव्हतं. सोफ्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंना कुणी बसू नये अशा बेताने, नटीमावशी बसल्या होत्या. नऊ वर्षं पडद्यावर त्यांनी या घराची आई म्हणून मिरवलं होतं आणि अजूनही बाजारात भाजीवाली त्यांनाच विचारत असे, "मुलं बरी आहेत ना?" त्याही बेधडक सांगत, "बरी आहेत, जेवत नाहीत नीट."

"फोन उचलत नाहीयेत दादा," नवी म्हणाली. नवी म्हणजे या सिनेमाची दिग्दर्शक. जुन्या मालिकेच्या दिग्दर्शकांची मुलगी, वय तीस, आणि मालिकेचे दोनशे बारा भाग तिला तोंडपाठ. वडिलांचं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलेलं, म्हणून ही कायमची नवी.

"येईल," बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक असेल."

"गेल्या वेळीही तुम्ही येईल म्हणाला होतात लेखकमहाशय," नटीमावशी म्हणाल्या. "आला कोण? शर्ट."

ते खरं होतं. मालिका संपल्यावर पाच वर्षांनी शेजारच्या काकांचं पात्र घेऊन एक स्वतंत्र सिनेमा निघाला होता. काका जहाजावर नोकरीला लागतात, अशी गोष्ट. ते जहाज दुसऱ्याच आठवड्यात थिएटरांतून उतरलं आणि काकांना पुढे कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग पंचवीस वर्षांनी सगळ्यांना पुन्हा एकत्र आणायचा मोठा कार्यक्रम झाला. जुना सेट उभा केला, जुने प्रेक्षक बोलावले, आणि दादा आलाच नाही. तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं म्हणून त्याचा लहानपणीचा शर्ट हँगरला अडकवून खुर्चीत ठेवला. एक बटण चुकवून लावलेला, एक टोक वर आणि एक खाली. प्रेक्षकांनी उभं राहून त्या शर्टाला टाळ्या दिल्या. सगळ्या कलाकारांना मिळून तेवढ्या मिळाल्या नसतील.

कारण शर्ट म्हणजेच बटण्या. मालिका बाबांनी लिहिली ती आपल्याच घरावरून. नवरा, बायको, दोन मुलं आणि रोजचा सावळागोंधळ. मुलाच्या कामाला बाहेरचा कुणी जमेना, म्हणून घरच्याच सात वर्षांच्या पोराला, म्हणजे दादाला, उभं केलं. आई कपडेपटाला लागली. धाकटी तेव्हा चार वर्षांची, दिवे लागले की रडायची, म्हणून पडद्यावरची मुलगी बाहेरून आणली, गोबऱ्या गालांची. म्हणजे घरातल्या सगळ्यांना मालिकेत काम होतं. नव्हतं ते एकट्या धाकटीला. मोठेपणी तिने त्याच धंद्यातलं सगळ्यात न दिसणारं काम निवडलं. ती कंटिन्युइटी बघते. एका शॉटमध्ये कप उजव्या हातात असेल तर पुढच्या शॉटमध्ये तो डाव्या हातात जाता कामा नये, घड्याळात चार वाजले असतील तर सव्वातीन होता कामा नयेत, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. तिची चूक अजून कुणी काढलेली नव्हती आणि हे ती स्वतः दिवसातून दोन-चार वेळा तरी सांगत असे.

आता हा तिसरा प्रयत्न. पडद्यावरचे बाबा गेल्या वर्षी वारले. घरातले बाबा ब्याऐंशीचे झाले. बटण्याशिवाय सिनेमा करायचा नाही, असं पैसे लावणाऱ्यांनी स्पष्टच कळवलं होतं. आज तो बसून वाचेल आणि हो म्हणेल, नाहीतर बाबांच्या मांडीवरचं ते बाड माळ्यावर जाईल.

आणि धाकटीला ते माळ्यावर जायला नको होतं. त्यात बेचाळिसावा प्रसंग होता.

तो प्रसंग तिचा होता. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती रोज दुपारी त्यांचं लिहून घ्यायला बसायची. अशाच एका दुपारी, इतक्या वर्षांत घरात कुणी कधी न काढलेला विषय तिच्या तोंडून निघून गेला. मालिकेच्या पहिल्याच वर्षी आई घर सोडून गेली होती. अकरा दिवस. आपण चार वर्षांच्या होतो, आणि ती आपल्याला टाकून गेली होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी बेचाळिसावा प्रसंग सांगायला सुरुवात केली. त्यात म्हातारी झालेली आई मुलीचा हात हातात घेऊन म्हणते, "मी तुला टाकून गेले होते बाळा. चूक माझी होती." धाकटीने ते वाक्य वेगवेगळ्या मसुद्यांत तीस वेळा तरी टाइप केलं असेल. तीसही वेळा ती त्या ओळीवर थांबली होती. खरी आई हे कधी बोलणार नाही, हे तिने केव्हाच मान्य केलं होतं. पण नटीमावशीच्या तोंडून का होईना, एकदा ते ऐकायचं होतं.

साडेतीनला बेल वाजली.

दादा आत आला, चपला सरळ लावून ठेवल्या आणि आईच्या हातात एक चष्म्याची पेटी दिली. "नवीन नंबरचा आहे. घाल."

"घालीन नंतर."

"गेल्या वेळचा पण नंतरच घालणार होतीस."

पन्नाशीचा गृहस्थ, गोल गळ्याचा बिनबटणांचा सदरा. धाकटीने त्याला कॉलरच्या शर्टात पाहिल्याला तीस वर्षं होऊन गेली होती. त्याच्या चष्म्याच्या दुकानात लोक नंबर काढायला यायचे आणि जाताना हमखास विचारायचे, "तुम्ही बटण्या ना?" तो म्हणायचा, "खालची ओळ वाचा."

"बस माझ्याजवळ," नटीमावशींनी सोफ्यावर हात आपटला. "शर्टापेक्षा तू बरा दिसतोस."

"मी ऐकायला आलोय मावशी. हो म्हणायला आलो नाही."

"बरं, ऐक," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता आणि ते ऐकून धाकटीला जास्तच धाकधूक वाटायला लागली. बाबा मऊ झाले की त्यांना काहीतरी मागायचं असतं.

वाचन सुरू झालं. नटीमावशी आपली वाक्यं वाचत होत्या, नवी उरलेल्यांची, आणि प्रसंगांचं वर्णन धाकटी. बटण्याची वाक्यं आली की दादा ती सपाट आवाजात वाचून टाकायचा, चष्म्याचं बिल वाचावं तशी. तरीही दोन-तीनदा नवी खुदकन हसली. त्याची वेळ अजून अचूक होती. बाबांनी खुर्चीत जरा सावरून बसून घेतलं. आई दारातच उभी होती, एक पाय आत, एक बाहेर.

बेचाळिसावा आला.

"संध्याकाळ. बैठकीची खोली," धाकटी वाचू लागली. "आई आणि मुलगी. आई जुन्या दिवसाची आठवण सांगते. तेव्हा लहान मुलीने दार ढकललं होतं. दारात आई, डाव्या हातात पिशवी, मागे पिवळा उजेड."

नटीमावशींनी कागद खाली ठेवला. पाठ होतं त्यांना. धाकटीकडे बघूनच त्या म्हणाल्या, "मी तुला टाकून गेले होते बाळा. चूक माझी होती."

बाई लबाड असतील, भांडकुदळ तर होत्याच, पण कामाला तोड नव्हती. धाकटीचे डोळे भरले. पुढची ओळ तिला दिसेना.

"कुणाला टाकून गेली होती?" दादाने विचारलं.

"मुलीला," नवी म्हणाली. "हा भाग अगदी खरा वाटतो ना? मला तर वाचतानाच..."

"मी हिला विचारतोय." तो धाकटीकडे वळला होता. "हे तू सांगितलंस बाबांना?"

"हो. का, सांगायचं नव्हतं?"

"तुला आठवतं हे?"

"लख्ख. मी त्या दाराशी रोज बसायचे दादा. अकराव्या दिवशी पावलं वाजली आणि मी दार ढकललं. आई उभी होती. पिशवी डाव्या हातात. आता तू म्हणशील तू चार वर्षांची होतीस. पण माझं कामच आहे ते. माझी आठवण चुकत नाही."

"ढकललंस?"

"हो, ढकललं."

"जा, ढकलून ये."

"काय?"

"ते बघ समोर. तेच दार आहे. जा आणि ढकल."

ती उठली. चिडूनच उठली, आणि दाराशी जाऊन तिने लॅच फिरवला, दार उघडलं. म्हणजे ओढलं. जन्मापासून या दाराला तिने ओढतच उघडलं होतं, कारण ते आत उघडतं. घराचं दार आत उघडतं. बाहेर उघडायचं ते सेटवरचं. आत उघडलं असतं तर फळी कॅमेऱ्याच्या आड आली असती, म्हणून नवीच्या वडिलांनी बिजागऱ्या मुद्दाम उलट्या बसवून घेतल्या होत्या. हा किस्सा धाकटी स्वतःच नव्या पोरांना शिकवताना सांगत असे. बाहेरच्या अंधाऱ्या जिन्यात पिवळा उजेड यायला कधी दिवाही नव्हता.

ती तशीच उभी राहिली, लॅचवर हात ठेवून.

"सव्विसावा भाग," नवी मागून हळूच म्हणाली. "आई गावाहून परत येते. गोबरी मुलगी दार ढकलते. पिशवी डाव्या हातात." आणि मग तिलाच वाटलं असावं की आपण गप्प बसायला हवं होतं.

"मग मी कुठे होते?" धाकटीने विचारलं. तिला स्वतःचाच आवाज लहान वाटला. "खरं दार कुणी उघडलं?"

उत्तर आईने दिलं.

"तू माझ्या कडेवर होतीस," आई म्हणाली. "तुला मी घेऊन गेले होते. अकरा दिवस आजोळी माझ्या कुशीत झोपलीस. दार यांनी उघडलं."

धाकटीच्या पायाखालची वाळू सरकली म्हणायचं तर सरकली, पण त्याहून विचित्र काहीतरी झालं. सगळं आयुष्य जपलेला एक राग होता, तिच्या अंगाचाच झालेला. आईच्या प्रत्येक बोलण्यात तिने तो कालवला होता, सासरी जाताना बरोबर नेला होता, तिथून परत आली तेव्हा परत आणला होता. आणि आता कळत होतं की तो दुसऱ्या कुणाचा तरी, चुकून आपल्या घरी आलेला.

कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. घरात मुलं दोनच.

"याला का नाही नेलं?" ती म्हणाली.

आई आत निघून गेली. बाबांनी घाईघाईने पान उलटलं. "ते सगळं जाऊ दे आता. इतकी वर्षं झाली. प्रसंग उत्तम आहे. कुणाला टाकलं हा तपशील आहे."

"तपशील," दादा म्हणाला. फक्त तेवढंच.

"लेखकमहाशय, तुम्ही तोंड बंद ठेवाल का जरा?" नटीमावशी म्हणाल्या. आजवर त्या बाबांच्या बाजूच्या होत्या. बाबांनीच त्यांना वाक्यं दिली होती, आणि नटी आपल्या वाक्यांशी इमान राखते. पण आता त्या सोफ्याच्या कडेला सरकल्या होत्या. "तुमच्या त्या तपशिलातलं निम्मं पाप माझ्या जिभेवर आहे."

आई परत आली ती एक जाड वही घेऊन. कपडेपटाची नोंदवही. प्रत्येक भागाला कुणी काय घातलं, कुठे डाग, कुठे रफू, आणि चिकटवलेले फोटो. आई ती मांडीवर घेऊन बसली. आज पहिल्यांदाच बसली.

"मी एकदा यांच्यापाशी रडले होते," ती म्हणाली. "म्हटलं होतं, या घरात मी माणूस नाही, हँगर आहे. येणारा जाणारा काही ना काही अडकवून जातो. खोलीत आम्ही दोघंच होतो. पंधरा दिवसांनी मी सेटच्या मागे इस्त्री करत होते आणि मावशींच्या तोंडून तेच वाक्य ऐकलं. शब्दाला शब्द. आणि सेटसमोर बसलेले दोनशे लोक हसले."

"मोठा हशा होता तो," नटीमावशी म्हणाल्या. "तेव्हा मला काय माहीत कुणाचं वाक्य आहे. मी वर हातवारे पण केले."

"मी इस्त्री खाली ठेवली. धाकटी कपड्यांच्या ढिगावर झोपली होती, हिला उचललं आणि निघाले." आईने दादाकडे पाहिलं नाही. वहीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तू दिव्यांत होतास. शॉट चालू होता. मधूनच कसा ओढू?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचं पीप पीप संपता संपेना. धाकटीला उठून खिडकी लावावीशी वाटली. तिने लावली. मग परत उघडली.

"मी पाहिलं होतं तुला," दादा म्हणाला.

आईचं बोट थांबलं.

"सेटला चौथी भिंत नव्हती. तू तिथून गेलीस, कॅमेऱ्यांच्या मागून, हिला खांद्यावर टाकून. मला वाटलं पाणी प्यायला चाललीस. मग तू पर्स घेतलीस. पण माझं वाक्य बाकी होतं."

"कुठलं?" बाबांनी विचारलं. विचारायचं नव्हतं त्यांना, पण लेखकाची जीभ.

"मावशी कपाटामागे लपल्या होत्या. पडद्यावरचे बाबा त्यांना शोधत होते. ते विचारतात, कुठे गेली ही? आणि मी म्हणतो, कुठे जाणार, इथेच असेल." तो हसला. "म्हटलं मी. बरोबर वेळेवर म्हटलं. तुम्ही पाठ थोपटलीत माझी."

बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला नाही.

"त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा शूटिंग," दादा म्हणाला. "कपडे घालायला आई नाही. मावशी म्हणाल्या ये मी घालते. मी म्हटलं माझे मी घालतो."

"तिथूनच तो शर्ट," नटीमावशी पुटपुटल्या. "म्हटलं एवढंसं पोर, बटणं कुठून जमणार."

"मला बटणं येत होती मावशी. शाळेला जाताना रोज मीच लावायचो. मी मुद्दाम चुकवली." आता तो आईकडे बघत होता. "आईला वाकडं काही खपायचं नाही. म्हटलं हे दिसलं तर कुठूनही येईल आणि नीट करेल."

नवीच्या हातातला पेन कागदावर टेकला होता. मग तिला राहवलं नाही. "दादा, हे... हे सिनेमात यायलाच हवं. शर्टाची गोष्टच मुळात ही..."

"नाही," आई म्हणाली.

"काकू, मी खूप जपून..."

"नाही म्हटलं ना. एकदा माझं रडणं वर गेलं, लोकांनी हसून घेतलं. आता माझ्या लेकाचं जाणार आणि लोक रडून घेणार. त्याने काय फरक पडतो?" तिने वही उघडली. पान तिला शोधावं लागलं नाही. "आणि तुम्हाला पुढचं माहीत नाही. मी आले ना परत. बाराव्या दिवशी सेटवर गेले. हा त्या वाकड्या शर्टात उभा होता, माझ्याकडे टक लावून. मी धावत गेले, दोन बटणं काढलीसुद्धा. तेवढ्यात या नवीचे वडील ओरडले, हात लावू नका, तोच तर विनोद आहे."

धाकटी वाकून बघत होती. पिवळा पडलेला फोटो, सात वर्षांचं पोर, एक खांदा वर. खाली आईचं अक्षर नव्हतं. नटीमावशींच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, शर्ट आहे तसाच ठेवणे. पुढच्या पानावर आईचं अक्षर सुरू झालं होतं आणि त्याच ओळीने सुरू झालं होतं. शर्ट आहे तसाच. त्याच्या पुढच्या पानावरही, आणि त्याच्याही पुढच्या.

"मग नऊ वर्षं," आई म्हणाली, "दर वेळी मीच तुझी बटणं लावली. माझ्या हाताने. चुकीची."

दादा उठून खिडकीशी गेला. त्याची पाठ या सगळ्यांकडे होती आणि त्या गोल गळ्याच्या सदऱ्यात ती फार रुंद आणि फार पोरकट दिसत होती. धाकटीला त्याच्याजवळ जावंसं वाटलं. पण जाऊन म्हणणार काय? तुझं दुःख मी चाळीसहून जास्त वर्षं वापरलं, घे परत?

तिने तेच केलं, पण तोंडाने नाही. बाबांच्या मांडीवरचं बाड घेतलं, बेचाळिसाव्या प्रसंगाची चार पानं टाचणीतून ओढून काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "हा माझा प्रसंग नाही बाबा. मी चुकले होते."

मी चुकले. हे शब्द ती धंद्यात कधी बोलली नव्हती.

बाबांनी ती पानं हातात घेतली नाहीत. ते बायकोकडे वळले. "तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार," ते म्हणाले.

"तेव्हा विचारलं असतंत तर तेव्हाच नको म्हटलं असतं."

"हो."

"आता विचारताय."

"आता विचारतोय."

"मग नको," आई म्हणाली. "सिनेमा करा. हसवा लोकांना. पण ते अकरा दिवस कुणाच्या तोंडी घालू नका. माझ्या नाही, याच्या नाही, हिच्याही नाही."

बाबांनी पानं घेतली आणि उभी फाडली. ब्याऐंशीव्या वर्षी हाताला तेवढा जोर नव्हता, दोनदा प्रयत्न करावा लागला. नटीमावशींनी तोंड वळवलं, कारण त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य त्यांचं होतं. नवीच्या चेहऱ्यावर मात्र सरळ सरळ शोककळा होती.

"शर्टाचं काय पण?" तिने शेवटी विचारलं. "मी करून आणलाय. मापासाठी." तिने पिशवीतून काढला. तेच निळे पट्टे, तीच कॉलर, फक्त पन्नाशीच्या अंगाचा. आईने हात पुढे करून तो घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय केलंय?"

"दर शॉटला बरोबर तेवढाच वाकडा दिसायला हवा ना काकू. म्हणून आमच्या शिंप्याने काजंच एक घर खाली पाडलीत. कशीही लावली तरी वाकडाच बसतो. सरळ लागतच नाही."

आई त्या शर्टाकडे बघत राहिली. मग तिने टेबलावरची पेटी उघडली, नवा चष्मा काढला आणि एकदाचा डोळ्यांवर चढवला. पहिलं काज जवळ धरून पाहिलं. नंबर बरोबर असावा.

"शिंप्याला अक्कल नाही," ती म्हणाली. "ही बुजवून नवीन पाडायला लागतील. पट्ट्यात निळा दोरा लागेल, हा काळा चालायचा नाही."

"लोक तो वाकडा शर्ट बघायला येणार काकू," नवी कळवळून म्हणाली.

"सरळ बघतील. मेलं कुणी नाही त्याने."

"आणि कारण? शर्ट सरळ का झाला, काहीतरी सांगावं लागेल ना?"

"काही सांगायचं नाही," धाकटी म्हणाली. तिने आपली वही काढली होती. कामाला लागली की तिचं मन जरा ताळ्यावर यायचं. "मी लिहून घेते. शर्ट, बटणं सरळ. सगळ्या शॉट्समध्ये. कारणाला रकाना नसतो आमच्याकडे."

दादा अजून खिडकीतच होता. तो वळला, आईच्या मांडीवरचा शर्ट पाहिला, आणि काही न बोलता येऊन उचलला. सदऱ्यावरूनच त्याने हात घातले. पन्नाशीच्या अंगालाही तो जरा सैलच होता.

"खांद्यात नीट आहे," आई उठत म्हणाली. "काढू नकोस. आधी काजांच्या खुणा करते. आत दोरा असेल." ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग एक डबा, मग दुसरा.

बाबा फाटलेले कागद हातात धरून बसले होते, कुठे टाकावे ते न सुचून. मिनिट गेलं, दोन गेली. त्यांना चष्म्याशिवाय धड दिसत नव्हतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, ती आईच्या रिकाम्या खुर्चीवर थांबली.

"कुठे गेली ही?" ते म्हणाले.

"कुठे जाणार," दादा म्हणाला, "इथेच असेल."

बोलून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं. त्याच्यापाठोपाठ नटीमावशींना, मग धाकटीला, मग बाबांना. नवीला तर पाठच होतं. कुणी हसलं नाही.

"दोरा सापडत नाहीये," आतून आईचा आवाज आला. "आलेच."

दादा उघड्या शर्टानिशी खोलीच्या मधोमध उभा राहिला. बटणांना त्याने हात लावला नाही.